एके-२०३ आणि २६५ ऊस : बंदुकांची नावं वाचायची कशी

दिवाळीत शिरोळ तालुक्यात तात्यांच्या मळ्यावर बसलो होतो. पुतण्या आर्मी भरतीची तयारी करतोय. पहाटे पळणं आणि दिवसभर मोबाईलवर बंदुकांचे व्हिडिओ, असा त्याचा कार्यक्रम असतो. बसल्या बसल्या म्हणाला, "तात्या, आता आपल्या सैन्याला एके-२०३ मिळाली. एके-४७ च्या चौपट भारी."

"चौपट कशी रं?"

"सत्तेचाळीस चोक एकशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे तीन म्हणजे चौपटीच्या वरच की!"

तात्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत. शेवटची काही वर्षं त्यांनी कोतमध्ये काढली. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. त्यांनी काही न बोलता समोरच्या फडाकडं बोट केलं.

"ह्यो कुठला ऊस?"

"२६५."

"आन् पाटाच्या पलीकडचा?"

"८६०३२."

"मग शहाऐंशी हजार मोठं का दोनशे पासष्ट? टनेज कुणाला जास्त पडतंय?"

पुतण्या गप्प. टनेज २६५ ला जास्त, हे आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगेल.

बंदुकांच्या नावांवर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, तात्यांनी सुरुवात करून दिली. ८६०३२ चं पूर्ण नाव को ८६०३२. 'को' म्हणजे कोइमतूर, जिथं उसाच्या जातींचं पैदास केंद्र आहे. ८६ हे साल, ०३२ हा त्या सालातला अनुक्रमांक. २६५ चं पूर्ण नाव कोएम ०२६५, त्यातला 'एम' महाराष्ट्राचा, ०२ म्हणजे २००२ आणि ६५ हा क्रमांक. विद्यापीठानं त्याला 'फुले २६५' म्हटलं, शेतकऱ्यानं 'फुले' गाळलं आणि पुढचं शून्यही खाल्लं. म्हणजे २६५ हा आकडा खरं तर दोनशे पासष्ट नाहीच, साल आणि नंबर एकमेकांना चिकटलेत.

बंदुकांचंही अगदी असंच आहे. नावातला आकडा कधी साल असतो, कधी नळीची जाडी, कधी रांगेतला नंबर, कधी कंपनीच्या कॅटलॉगचं पान. तो ताकदीचा आकडा मात्र जवळजवळ कधीच नसतो. त्यामुळं नाव वाचताना पहिला प्रश्न विचारायचा : हे बारसं कुणी केलं, आणि कुठल्या रजिस्टरसाठी?

डेडस्टॉक रजिस्टरची भाषा

सैन्यातलं नाव हे भाषणासाठी नसतं, स्टोअरकीपरसाठी असतं. लाखभर रायफली, त्यांच्या कोट्यवधी गोळ्या, स्प्रिंगा, पिना, दुरुस्तीची पुस्तकं. कुठली गोळी कुठल्या नळीत जाते आणि कुठला पार्ट कुठल्या हत्याराला बसतो, हे दूरच्या डेपोत बसलेल्या कारकुनाला कागदावरून कळलं पाहिजे. नावाचा जन्म या गरजेतून होतो.

इंग्रजांचं उदाहरण बघा. आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो, जी आपल्या पोलिसांच्या खांद्यावर स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं होती, तिचं सरकारी नाव होतं, "रायफल, शॉर्ट, मॅगझिन, ली-एनफिल्ड, मार्क तीन". शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात "खुर्ची, लाकडी, हातांची, नग ६" असं लिहितात ना, तीच ही पद्धत. आधी वस्तू, मग तिचे गुण, स्वल्पविराम देत देत. हे स्वल्पविराम गाळले की घोटाळा होतो. 'शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड' असं सलग वाचलं की मॅगझिन आखूड असावं असं वाटतं. आखूड आहे ती रायफल. पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाइन अशी दोन हत्यारं ठेवण्यापेक्षा मधल्या लांबीची एकच सगळ्यांना द्यायची ठरली, म्हणून 'शॉर्ट'. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी आहे, एकेक गोळी हातानं भरायची नाही, एवढंच सांगायचं होतं. ली हे जेम्स पॅरिस ली यांचं आडनाव, गोळी आत सरकवणारा बोल्ट आणि मॅगझिन यांची रचना त्यांची. एनफिल्ड हे लंडनजवळचं गाव, तिथं सरकारी बंदूक कारखाना होता.

हे एनफिल्ड आपल्याला परकं नाही. कोल्हापुरात दर तिसऱ्या गल्लीत जी बुलेट धडधडते, तिच्या टाकीवरचं नाव याच कारखान्यावरून आलंय. त्या कंपनीला एनफिल्डच्या कारखान्याचे सुटे भाग बनवायचं काम मिळालं होतं, त्यावरून तिनं रॉयल एनफिल्ड हे नाव घेतलं. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे तिचं जुनं ब्रीद. गाडीचं नाव बुलेट का, हे मग वेगळं सांगायला नको.

मार्क तीननंतर पहिलं महायुद्ध सुरू झालं. उत्पादन वाढवायचं होतं, म्हणून फार लांबच्या सामूहिक माऱ्यासाठी बाजूला बसवलेलं, नेम धरायचं वेगळं साइट काढून टाकलं, आणखी एकदोन भाग गाळले. रायफल तीच, पण काही पार्ट बदलले. मग नाव काय द्यायचं? मार्क चार म्हणण्याइतका बदल नाही आणि न सांगूनही चालत नाही. त्यांनी आकड्यापुढं एक चांदणी काढली. मार्क तीन चांदणी. पुढं १९२६ मध्ये इंग्रजांनी सगळी यादीच नव्यानं मांडली आणि हीच रायफल 'नंबर १' झाली. दुसऱ्या महायुद्धातली तिची सुधारित बहीण नंबर ४. जंगलातल्या लढाईसाठी केलेली आखूड नंबर ५ आली, तिला लोक जंगल कार्बाइन म्हणत, पण ते लाडाचं नाव. कागदावर ती नंबर ५ च.

रिव्हिजनचा घोळ

त्या चांदणीचं महत्त्व मला जरा जास्तच कळतं, कारण माझं पोट ड्रॉइंगवर आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे पार्ट तपासायला आहे. आमच्याकडं प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटा चौकोन असतो, त्यात रिव्हिजन नंबर. पार्ट नंबर तोच राहतो, रिव्हिजन बदलतं. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये मी होतो तेव्हाची गोष्ट. एका हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, भोकाची खोली रिव्हिजन तीनमध्ये अर्ध्या मिलिमीटरनं वाढली. नवीन ड्रॉइंग फायलीत आलं, पण मशिनवर टेपनं चिकटवलेला कागद रिव्हिजन दोनचाच राहिला. दोन शिफ्टचा माल निघाला. दिसायला सारखा, वजनाला सारखा, गेज घातला की सगळा नापास. तो ढीग भंगारात जाताना बघितला त्या दिवसापासून मी आधी कोपरा बघतो, मग ड्रॉइंग.

बंदुकीच्या नावाचं शेपूट म्हणजे हाच कोपरा. इंग्रजांचं मार्क, अमेरिकनांचं ए१, ए२, अमेरिकन नौदलाचं मार्क आणि त्यापुढं मॉड, सगळी रिव्हिजनंच.

अमेरिकेच्या एम-१६ चं बघा. व्हिएतनामच्या काळात त्यांच्या हवाई दलाकडं नुसती एम-१६ होती. भूदलाला एक जादा बटण हवं होतं. गोळी आत सरकवणारा बोल्ट कधी पूर्ण बसत नाही, तेव्हा अंगठ्यानं दाबून तो पुढं ढकलायचा, त्यासाठीचं हे बटण. ते लावलेली रायफल आधी एक्सएम-१६ई१ होती, १९६७ मध्ये ती एम-१६ए१ झाली. पुढं नळी जाड केली, एका दाबात तीन गोळ्या सुटतील अशी सोय केली, ती ए२. ए१ ची नळी आणि ए२ ची नळी सारखी नाही. डेपोतल्या माणसानं 'एम-१६ च्या नळ्या पाठवा' एवढंच वाचलं तर आमच्या हाउसिंगसारखा ढीग तयार होईल, फक्त तो युद्धात होईल.

त्या 'एक्सएम' मधल्या एक्सचा अर्थ अजून प्रयोगात आहे, पक्कं नाही. हत्यार पास झालं की एक्स गळतो. आपल्याकडं पोराचं लग्न जमलंय पण साखरपुडा झाला नाही, तेव्हा पोरीला सून म्हणत नाहीत, तसं. यात एक गंमत अलीकडं झाली. अमेरिकन भूदलानं नव्या रायफलीला एक्सएम-५ नाव दिलं. मग लक्षात आलं की कोल्ट कंपनी एम-५ नावाची रायफल आधीच विकतेय. २०२३ मध्ये मुकाट्यानं एक्सएम-७ केलं. एवढं बलाढ्य सैन्य, पण दुकानाच्या पाटीवरून भांडण नको म्हणून नंबर बदलतं!

साल, पण कुणाच्या पंचांगातलं?

सालावरून नाव ठेवणं सगळ्यात जुनं आणि सोपं. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल म्हणजे एम१९०३. १९११ चं पिस्तूल म्हणजे एम१९११. जर्मनांचं १९०८ चं लुगर पिस्तूल पी-०८. १९३४ ची मशिनगन एमजी-३४, १९४२ ची एमजी-४२. इथंपर्यंत सरळ आहे.

एके-४७ मध्ये एके म्हणजे 'अव्तोमात कलाश्निकोवा', कलाश्निकोव्ह यांची स्वयंचलित रायफल. ४७ हे मॉडेल तयार झालं ते साल. रशियन सैन्यानं ती स्वीकारली १९४९ मध्ये, आणि त्यांच्या कागदांवर ती बहुतेक नुसती एके होती. ४७ जगानं लावून धरलं. १९५९ मध्ये तिची हलकी, पत्रा दाबून बनवलेली सुधारित आवृत्ती आली, तिला साल न लावता 'एम' लावला. एम म्हणजे सुधारलेली, एकेएम. बातम्यांत आणि सिनेमात आपण ज्यांना एके-४७ म्हणतो त्यातल्या पुष्कळ एकेएम किंवा तिच्या नकला असतात. १९७४ मध्ये गोळीच बदलली, ७.६२ ऐवजी ५.४५ मिलिमीटर, तेव्हा परत साल आलं, एके-७४. मग नव्वदच्या दशकात कारखान्यानं परदेशी गिऱ्हाइकांसाठी शंभरची मालिका काढली, आणि इथं सालाचा संबंध तुटला. १०१ म्हणजे ५.५६ ची गोळी, १०३ म्हणजे ७.६२ ची, १०५ म्हणजे ५.४५ ची आखूड. पुढं दोनशेची मालिका आली, त्यात क्रम तोच. म्हणून २०३ म्हणजे दोनशेच्या मालिकेतली ७.६२ वाली. गोळी तीच, जी एके-४७ मध्ये जाते. पुतण्याची चौपट इथं संपते. अमेठीजवळ कोरव्याला ती बनतेय, २०२१ च्या करारात सहा लाखांहून जास्त रायफलींची मागणी आहे. पकड, साइट, दांडा हे सगळं सुधारलंय, रायफल चांगलीच आहे. फक्त गुणाकार चुकीचा.

जर्मनांची ९८के ही त्याहून फसवी. १९३५ मध्ये सैन्यात आलेली रायफल, नावात ९८. कारण मूळ माउझर १८९८ ची, आणि ही तिचीच आखूड आवृत्ती. शेवटचा 'के' म्हणजे 'कुर्त्झ', आखूड.

सगळ्यात मजेदार जपानी. त्यांच्या 'टाइप ३८' रायफलीतलं ३८ हे १९३८ नाही. सम्राट मेइजींच्या राज्याचं अडतिसावं वर्ष, म्हणजे १९०५. 'टाइप १४' पिस्तूल पुढच्या सम्राटाच्या, ताइशोंच्या चौदाव्या वर्षातलं, म्हणजे १९२५. नंतर त्यांनी राजाचं वर्ष सोडलं आणि आपल्या पुराणातल्या पहिल्या सम्राटापासूनचा शक धरला. 'टाइप ९९' रायफल त्या शकाच्या २५९९ सालची, म्हणजे १९३९ ची. पुढच्या वर्षी २६०० भरलं, शेवटचा आकडा शून्य, म्हणून त्यांच्या लढाऊ विमानाचं नाव 'झिरो'. युद्ध हरल्यावर आपलं इसवी सन घेतलं : टाइप ६४, टाइप ८९. म्हणजे ३८, ९९, ६४ हे एका रांगेत मांडायचे तर तीन वेगळी पंचांगं मांडीवर घेऊन बसावं लागेल.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण शिवरायांच्या राज्याभिषेकापासून शक मोजलाय. लग्नपत्रिकेवर आजही शके छापतो. रशियनांनी आपलं पंचांग वापरलं असतं तर १९४७ म्हणजे शके १८६९, आणि पुतण्याच्या मोबाईलवर एके-६९ चे व्हिडिओ असते.

चीनचा प्रकार उलटा. १९५६ मध्ये त्यांनी रशियन नमुन्याची एके, एसकेएस रायफल आणि एक हलकी मशिनगन, तिन्ही स्वीकारल्या. तिन्हींना नाव 'टाइप ५६'. पुढं 'रायफल', 'कार्बाइन', 'मशिनगन' हे शब्द लावले तरच कळतं कुठली.

अमेरिकेनं १९२० च्या दशकात साल सोडलं आणि प्रत्येक प्रकाराला एकपासून मोजायला लागली. ऐकायला सुटसुटीत वाटतं. परिणाम काय? एम-१ रायफल आहे, एम-१ कार्बाइन आहे, एम-१ टॉमी गन आहे, एम-१ हेल्मेट आहे, आणि पुढं एम-१ रणगाडाही झाला. रायफल आणि कार्बाइनची तर गोळीही वेगळी. गल्लीत 'ए बाळू' म्हणून हाक मारावी आणि पाच खिडक्या उघडाव्यात, तशी ही गत.

सूत, लाइन आणि बारा बोअर

नावातला दुसरा मोठा आकडा म्हणजे नळीचा आतला व्यास. थ्री नॉट थ्री म्हणजे ०.३०३ इंच. २५.४ नं गुणा, ७.७ मिलिमीटर येतात.

मग ७.६२ हा विचित्र आकडा कुठून आला? मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण उत्तर उद्यमनगरात कुणालाही कळेल असं आहे. आपल्याकडं अजून फिटर 'चार सुती पाइप', 'तीन सुती बार' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या रशियात असंच एक माप होतं, 'लिनिया', इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. १८९१ च्या त्यांच्या मोसिन रायफलीची नळी तीन लिनियांची होती, आणि रशियन शिपाई तिला तीन लिनियावाली असंच म्हणत. तीन गुणिले २.५४. करा हिशेब. तिकडं अमेरिकन ०.३० इंच मोजत होते, तेही ७.६२ च. दोघांनी वेगवेगळ्या सुतानं मोजून एकच भोक पाडलं.

पण भोक एक म्हणून गोळी एक नाही. तात्यांच्या एसएलआरची, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफलीची, गोळी ७.६२ गुणिले ५१, एकेची ७.६२ गुणिले ३९. दुसरा आकडा पितळी केसची लांबी. लांब केसमध्ये दारू जास्त. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. २०१९ मध्ये आपल्या सैन्यानं ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या त्या ५१ वाल्या. एके-२०३ ही ३९ वाली. दोन्हींबद्दल बातमीत '७.६२ ची रायफल' एवढंच येतं, आणि वाचणारा समजतो की एकच.

याचं आणखी जवळचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये पन्नास मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद घेतलं. या प्रकारातली रायफल पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर. सैन्याची इन्सास ५.५६ मिलिमीटर. व्यास जवळजवळ सारखा. पण पॉइंट टू टूची गोळी करंगळीच्या एका पेराएवढी, आणि इन्सासची काडतूस हातात घेतली की बोटभर. आकड्यानं भाऊ, ताकदीनं काही नातं नाही.

आणि आकडा वाढला की ताकद वाढते या समजाला कायमचा फाटा द्यायचा असेल तर बारा बोअर. शेतावर परवान्याची असते ती. इथला बारा म्हणजे इंच नाही, मिलिमीटर नाही. त्या नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा ओतला, तर तसे बारा गोळे मिळून एक पौंड वजन भरतं. वीस बोअरच्या नळीचे वीस गोळे लागतात, म्हणजे गोळा लहान, नळी बारीक. इथं आकडा मोठा तेवढी बंदूक छोटी. पुतण्याला हे सांगितल्यावर त्यानं मोबाईल खिशात ठेवला.

अक्षरांचे उलटे अर्थ

अक्षरं वाचताना लोक मनानंच अर्थ लावतात. एआर-१५ मधलं एआर म्हणजे 'असॉल्ट रायफल' असं अमेरिकेतही अर्धे लोक समजतात. ते आर्मालाइट या कंपनीचं नाव. त्याच कंपनीची एआर-१७ ही चक्क शॉटगन होती. आरपीजीचंही तसंच. 'रॉकेट प्रोपेल्ड ग्रेनेड' हे इंग्रजीत नंतर चपखल बसवलेलं. मूळ रशियन शब्दांचा अर्थ हातानं वापरायचा रणगाडाविरोधी ग्रेनेड-फेक्या एवढाच आहे.

इंग्रजांची स्टेन गन म्हणजे शेफर्ड, टर्पिन आणि एनफिल्ड, दोन माणसं आणि एक गाव. त्यांचीच ब्रेन गन म्हणजे बर्नो आणि एनफिल्ड, दोन्ही गावंच. बर्नो चेकोस्लोव्हाकियातलं, मूळ मशिनगन तिथली. उझी या बंदुकीचं नाव उझिएल गाल या इस्रायली अधिकाऱ्याचं, त्यांना स्वतःला ते नको होतं म्हणतात. टॅव्होर हा तिकडचा डोंगर, नेगेव्ह तिकडचं वाळवंट, आपल्या कमांडोंच्या हातात या दोन्ही नावांची हत्यारं आहेत.

कधी नावात राजकारणही असतं. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात नव्याच जातीची रायफल केली, पण हिटलरचा नव्या रायफलीला विरोध होता. मग तिला एमपी-४३, म्हणजे जणू सबमशिनगनच (पिस्तुलाची गोळी झाडणारी छोटी मशिनगन), असं नाव देऊन काम पुढं रेटलं. ती चालतेय हे दिसल्यावर १९४४ मध्ये तिला 'श्टुर्मगेवेअर', चढाईची रायफल, असं दणकेबाज नाव मिळालं. आज जगभर वापरतात तो 'असॉल्ट रायफल' हा शब्द तिथून आलाय.

आणि एकाच हत्याराला किती नावं असावीत? बेल्जियमच्या एका मशिनगनचं घरचं नाव मॅग. इंग्लंडमध्ये ती एल-७, अमेरिकेत एम-२४०, स्वीडनमध्ये केएसपी-५८, आपल्याकडं एमजी २ए१. माणूस एकच, कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा साडू.

आपल्या नोंदी इंग्रजांच्या वळणावर गेल्या. त्यांच्या एल१ए१ मधला एल म्हणजे भूदलाचा सामान. आपण तो गाळला. एसएलआरचं सरकारी नाव 'रायफल ७.६२ मिमी १ए१'. पण नऊ मिलिमीटरची कार्बाइनही '१ए१' च. तात्या सांगतात, नवा पोरगा कोतमध्ये येऊन नुसतं "१ए१ काढा" म्हणाला की ते विचारायचे, "कुठली? लांब का आखूड?" इन्सास हे 'इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम'चं लघुरूप. सिस्टिम म्हणायचं कारण, रायफल, हलकी मशिनगन आणि कार्बाइन अशी एकाच कुळीची तीन हत्यारं मनात होती. तिच्या रायफलीचं कागदावरचं नाव १बी१. ते कुणाला माहीतच नाही, कारण इन्सास तोंडात बसलं.

आता वळण बदलतंय. पुण्याच्या पाषाणच्या शस्त्र संशोधन प्रयोगशाळेनं सैन्याबरोबर केलेल्या, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नऊ मिलिमीटरच्या मशिन पिस्तुलाचं नाव अस्मी. त्याच प्रयोगशाळेची ७.६२ ची रायफल, २०२४ ची, तिचं नाव उग्रम. ऐकायला छान आहेत. पण माझ्यातला क्वालिटीवाला कुरकुरतोच. अस्मीत उद्या एखादी स्प्रिंग बदलली तर शेपूट लागणारच, अस्मी ए१ किंवा मार्क दोन. त्याशिवाय कोत चालत नाही.

ऊन उतरलं तेव्हा पुतण्यानं शेवटचं विचारलं, "तात्या, तुमच्या स्वतःच्या रायफलीचं पूर्ण नाव काय हो मग?"

तात्या पाटातलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत होते. खोरं थांबवून म्हणाले, "बट नंबर एकशे सदुसष्ट."

"ते मॉडेल नव्हं, तात्या. ते तर दांड्यावर रंगवलेलं असतंय."

"व्हय की. रातच्याला लाइट गेल्यावर कोतच्या रॅकमधनं आपलीच उचलायची असती. तिथं काय एनफिल्ड म्हणून हाक मारतोस?"